आधी दिनदर्शिका, मग विद्यापीठ

धुळे-जळगावच्या कॉलेजांतली मुलं हल्ली एखादं सत्र परदेशात शिकायला जायचा विचार करू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो. लळिंग, भामेर, पाटणादेवी, तोरणमाळ पालथं घातलेली ही मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, कोनतं विद्यापीठ चांगलं शे?" मी धुळ्याचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र मी नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात, एनटीएनयू या विद्यापीठात केलं. अभ्यास बुडू न देता डोंगरात हिंडता यावं, हा माझा निवडीचा निकष होता. त्या अनुभवातून आणि नंतर बऱ्याच मुलांचे अर्ज जवळून पाहिल्यावर जे पटलं, ते इथे सांगतो.

१. क्रमवारी मिटून ठेवा, दोन्हीकडची वेळापत्रकं उघडा

आपल्याकडे विषम सत्र जुलैच्या आसपास सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं. सम सत्र जानेवारी ते मे-जून. नॉर्वेत एक सत्र ऑगस्ट ते डिसेंबर, दुसरं जानेवारी ते जून. न्यूझीलंडमध्ये साधारण फेब्रुवारी ते जून आणि जुलै ते नोव्हेंबर. या दोन्ही देशांचं वेळापत्रक आपल्या वेळापत्रकाशी बऱ्यापैकी जुळतं. जर्मनीचं गणित वेगळं आहे. तिथे हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात, उन्हाळी सत्राची एप्रिल ते जुलै, आणि परीक्षा त्याच्याही पुढे. म्हणजे एका सत्रासाठी जायचं तर इकडची दोन सत्रं अडकतात. ऑस्ट्रियाचं उन्हाळी सत्र मार्च ते जून असतं. ते थोडी ओढाताण करून बसवता येतं. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला प्लेसमेंटसाठी कंपन्या येतात, तेव्हा कॅम्पसवर हजर असायला हवं. म्हणून पाचवं किंवा सहावं सत्र उत्तम. एवढं एक गणित मांडलं की लांबलचक यादी निम्म्यावर येते.

२. सत्र निवडलं म्हणजे ऋतू निवडला

खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी लळिंग चढायला कोणी निघत नाही. हेच शहाणपण तिकडे लावायचं. ट्रॉन्डहाइम ६३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथे उजेड जवळजवळ मावळतच नाही, आणि डिसेंबरच्या मध्यावर दिवस जेमतेम साडेचार तासांचा उरतो. आणखी उत्तरेला, ट्रॉम्सोमध्ये, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. पायी भटकायचं असेल तर ऑगस्टमध्ये जा. सप्टेंबरभर डोंगर लाल-पिवळे असतात आणि वाटा मोकळ्या. स्कीइंग शिकायचं असेल तर जानेवारीत जा. न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे. जुलैत पोचाल तर ऐन हिवाळा आणि सत्र संपताना वसंत. काळोखाचा मनावर परिणाम होतो, हेही घरच्यांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या.

३. क्रेडिटची सही विमानात बसण्याआधी

युरोपात एका सत्राचे ३० ईसीटीएस क्रेडिट धरतात. एनटीएनयूत बहुतेक विषय साडेसात क्रेडिटचे, म्हणजे चार विषय झाले की सत्र भरलं. आपल्याकडे सत्राला साधारण वीस-बावीस क्रेडिट असतात आणि विषयही जास्त. तिकडच्या कोणत्या विषयाबदली इकडचा कोणता विषय माफ होणार, हे कागदावर विषयवार लिहून घ्यायचं आणि त्यावर विभागप्रमुख, परीक्षा विभाग आणि यजमान विद्यापीठ या तिघांची संमती घ्यायची. यालाच लर्निंग अॅग्रीमेंट म्हणतात. तुमचं कॉलेज स्वायत्त आहे, लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहे की जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी, यावर मंजुरी कोण देणार हे ठरतं. सरांनी तोंडी दिलेल्या होकारावर विसंबून राहू नका. सर बदलतात, कागद राहतो.

४. बुधवारी दुपारी डोंगर गाठता येतो का?

माहितीपत्रकातल्या फोटोत प्रत्येक विद्यापीठामागे शिखर दिसतं. विचारायचं ते असं : गाडी नसताना, व्याख्यान संपल्यावर, संध्याकाळच्या आत जाऊन येता येईल का? ट्रॉन्डहाइममध्ये शहराच्या मधोमध ट्राममध्ये बसायचं आणि लिआन या शेवटच्या थांब्यावर उतरायचं; तिथूनच बीमार्काचं जंगल सुरू होतं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये, जिथलं विद्यापीठ १६६९ सालचं आहे, शहरातूनच निघून रोपवेने दोन हजार मीटरच्या वर जाता येतं. न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च डोंगरवेड्यांचं आवडतं, पण आर्थर्स पासचा भाग तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तिथे मित्राची किंवा क्लबची गाडी लागतेच. चार-पाच महिन्यांच्या मुक्कामात मोठ्या मोहिमा एक-दोनच होतात. बाकी सगळा आनंद अशा बुधवारच्या दुपारींचा असतो.

५. विद्यार्थ्यांचा क्लब आधी शोधा

माझ्या मते हा सगळ्यात मोठा निकष. एनटीएनयूच्या विद्यार्थ्यांची एनटीएनयूआय नावाची क्रीडा संघटना आहे. सभासद हजारोंनी, आणि नवशिक्यांनाही दार उघडं. आसपासच्या डोंगरांत त्यांच्या वीसहून जास्त लाकडी झोपड्या आहेत. त्यांना कोइए म्हणतात. नाममात्र भाड्यात जागा राखून ठेवायची, स्लीपिंग बॅग आपली न्यायची. आत एक लोखंडी शेगडी, करवत, कुऱ्हाड, बादली आणि एक वही. पाणी ओढ्यावरून किंवा तळ्यावरून आणायचं. पोचल्याबरोबर पहिलं काम म्हणजे लाकडं फोडून शेगडी पेटवणं. खोली ऊबदार व्हायला बराच वेळ लागतो. मी तिथे बेसनाचं पिठलं रटरटत ठेवायचो आणि नॉर्वेजियन, स्पॅनिश, कोरियन पोरं भाकरीऐवजी पावाशी ते चाटूनपुसून खायची. निघताना झाडून घ्यायचं, राख गार झाली का ते पाहायचं, पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून रचून ठेवायची आणि वहीत नाव, तारीख, पुढची वाट लिहायची. पहारेकरी नाही, दाखवून द्यायला कोणी नाही, तरी प्रत्येक जण हे करतो. मैत्री वर्गापेक्षा इथे लवकर जुळते. अर्ज करण्याआधीच अशा क्लबला पत्र लिहा : नवख्यांसाठी वर्ग आहेत का, सूचना इंग्रजीतून मिळतात का, साहित्य भाड्याने मिळतं का? उत्तर कसं येतं, त्यावरून तिथला स्वभाव कळतो.

६. आपले पाय तयार आहेत, बर्फ मात्र नवा आहे

उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर आहे आणि तिथे वस्ती, झाडी, यशवंत तलाव आहे. बीमार्कातलं सर्वांत उंच स्टूरहाया अवघं ५६५ मीटर. पण माथ्यावर झाडं संपलेली असतात आणि वारा उभं राहू देत नाही. आपल्या उन्हात सुती कपड्यासारखं सुख नाही. तिकडे तोच सुती बनियन घामाने किंवा पावसाने भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. अंगाला लागून लोकरीचा थर, त्यावर ऊबदार, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा, आणि कपाळावर विजेरी. बर्फावर पाऊल कसं टाकायचं, घसरल्यावर कसं थांबायचं, हे वाचून येत नाही. जमल्यास आधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्राथमिक अभ्यासक्रम करा. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत, शाळकरी पोरांनाही ते माहीत असतात. त्यांतला एक वेळेत मागे फिरण्याबद्दल आहे, आणि त्यात कसलीच लाज नसते, असं तिथे सगळेच मानतात. आपल्या ग्रुपमध्येही हे रुजायला हवं.

७. पैसा आणि विमा

तुमचं कॉलेज आणि यजमान विद्यापीठ यांच्यातल्या विनिमय करारातून गेलात तर तिथली शिकवणी फी सहसा पडत नाही. इकडची फी चालू राहते. पण राहणं-खाणं नॉर्वेत महाग आहे आणि व्हिसासाठी खात्यात पुरेशी रक्कम दाखवावी लागते. दोन्ही संस्थांमध्ये इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेचा प्रकल्प असेल तर विद्यावेतन मिळू शकतं. हे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कक्षात पहिल्याच भेटीत विचारा. महागडे बूट-जॅकेट इथून घेऊन जाऊ नका. नॉर्वेतल्या अनेक शहरांत बीयूए नावाची केंद्रं खेळाचं साहित्य फुकट वापरायला देतात. विम्याचा कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आपल्याकडच्या पुष्कळ प्रवासविम्यांत गिर्यारोहण, स्कीइंग वगळलेलं असतं. नॉर्वेत डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च सरकार उचलतं, ऑस्ट्रियात हेलिकॉप्टरचं बिल हजारो युरोंचं येऊ शकतं. तिथल्या अल्पाइन क्लबचं सभासदत्व घेतलं तर बचावकार्याचा खर्च २५,००० युरोपर्यंत विम्यात येतो. ही वर्गणी भरायला कचरू नका.

८. आणलेलं वाटा

परत आल्यावर तुम्ही कोणते विषय घेतले, कोणते माफ झाले, कोणत्या कार्यालयात किती वेळ लागला, हे सगळं लिहून खालच्या वर्गातल्या मुलांना द्या. पुढच्या अर्जदाराची निम्मी वणवण वाचते. आणि कॉलेजकडे एक मागणी लावून धरा : साहित्याची एक खोली. चार तंबू, दहा स्लीपिंग बॅगा, दोर, हेल्मेट आणि देवाणघेवाणीची एक वही. खानदेशात डोंगरांची कमतरता नाही. पाटणादेवी आहे, पाल आहे, सातपुडा उशाशी आहे. ज्या शेतकऱ्याच्या पोराला स्वतःची सॅक घेणं परवडत नाही, त्यालाही त्या खोलीतून ती मिळाली पाहिजे. अशी खोली चालवणारी मुलं उद्या जगातल्या कुठल्याही क्लबच्या दारात बिचकणार नाहीत. कॉलेजांनी विनिमय करार जरूर करावेत, पण ही खोली या वर्षीच सुरू करावी. त्यासाठी कोणत्याही परदेशी विद्यापीठाची सही लागत नाही.