नेटवर्किंगमध्ये जायचंय? आधी घरच्या लॅपटॉपवर तीन राउटर जोडून बघा

‘नेटवर्किंग म्हणजे वायरी ओढायचं काम ना? त्यासाठी इंजिनिअरिंग कशाला?’ असं विचारणाऱ्या पालकांची शंका मला खोटी वाटत नाही. वायरी ओढाव्या लागतात, रॅकसमोर उभंही राहावं लागतं. पण या क्षेत्रातला जो भाग माणसाला वर नेतो, तो वायरीत नाही, तपासण्याच्या सवयीत आहे. आपल्या मुलाला ही सवय आवडते का, हे लाखभर फी भरण्याआधी कळू शकतं. त्यासाठी ओएसपीएफ, म्हणजे राउटरनी वाटा ठरवण्याची एक पद्धत, हा एकच विषय घेऊन बसावं.

मोठ्या कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या जाळ्यात अनेक राउटर असतात. कोणती माहिती कुठल्या वाटेनं न्यायची हे त्यांनी आपसांत ठरवायचं असतं. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर आपल्या जोडण्यांची खबर आपल्या विभागातल्या सर्व राउटरपर्यंत पोहोचवतो. त्यामुळे त्या विभागाचा संपूर्ण नकाशा प्रत्येकाकडे तयार होतो. मग एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीनं जो तो सर्वांत स्वस्त वाट काढतो. आज वापरात असलेल्या ओएसपीएफच्या दुसऱ्या आवृत्तीचं मानकपत्र, आरएफसी २३२८, जॉन मॉय यांनी १९९८ मध्ये लिहिलं. इतकं जुनं तंत्र आजही शिकावं लागतं, ही नवख्यासाठी चांगली गोष्ट आहे. इथली मेहनत दोन वर्षांत वाया जात नाही.

आता प्रत्यक्ष काम. सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात तीन राउटर त्रिकोणात जोडा, ओएसपीएफ सुरू करा आणि एका राउटरवरून दुसऱ्याला पिंग करा, म्हणजे हाक देऊन पाहा. उत्तर आलं की बरेच विद्यार्थी लॅपटॉप मिटतात. ज्याला इथे पुढे जायचंय त्यानं नेमकं तेव्हाच ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ हा आदेश द्यावा. शेजारी ‘फुल’ अवस्थेत आहे का? ‘एक्सस्टार्ट’वर अडकला असेल तर दोन्ही टोकांचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, पाहावा; एकीकडे १५०० आणि दुसरीकडे ९००० असेल तर मैत्री जमता जमता राहते. शेजारी दिसतच नसेल तर एरिया (विभाग) क्रमांक, सबनेट मास्क, पासवर्ड आणि हेलो-डेड वेळा (किती वेळानं हाक द्यायची आणि किती वेळ हाक आली नाही तर शेजारी गेला मानायचं) जुळतात का ते बघायचं. इथरनेटवर या वेळा मुळात १० आणि ४० सेकंद असतात. मात्र एकाच स्विचवर चार-पाच राउटर असतील, तर त्यांतल्या काही जोड्या ‘फुल’पर्यंत न जाता आधीच्या ‘टू-वे’ अवस्थेवरच थांबतात, आणि ते बरोबरच असतं. बिघाड कशाला म्हणायचा आणि कशाला नाही, हे ओळखणाऱ्याला पहाटे तीन वाजता कुणी उगाच उठवत नाही.

कॉस्टचा, म्हणजे वाटेच्या किमतीचा, धडा तर प्रत्येकानं करून पाहावाच. संदर्भवेगाला जोडणीच्या वेगानं भागून कॉस्ट काढतात, आणि ती १ पेक्षा कमी होत नाही. सिस्कोच्या अनेक राउटरवर कॉस्ट काढताना संदर्भवेग म्हणून १०० मेगाबिट धरलेला असतो. त्यामुळे १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट या तिन्ही जोडण्यांची कॉस्ट १ येते. राउटरला त्यांच्यात फरकच दिसत नाही आणि महागडी वेगवान लाइन असूनही निम्मी वाहतूक सावकाश लाइनवरून जाऊ शकते. संदर्भवेग १०० गिगाबिट केला की याच कॉस्ट १०००, १०० आणि १० होतात. पण हा बदल सगळ्या राउटरवर करावा लागतो. एकच राउटर सुटला तर जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी होते, मग दोष शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

तसंच डेड वेळेचं. मध्ये स्विच असेल आणि पलीकडची लाइन तुटली, तर राउटरला ते कळायला ४० सेकंद लागू शकतात. तेवढ्यात फोनवरचं बोलणं तुटतं. वेळ कमी करता येते, पण फारच कमी केली तर राउटरवर क्षणभर भार आला तरी धडधाकट शेजारी मेल्याचं समजलं जातं. माझं मत विचाराल तर, उपकरणात सोय असेल तिथे हे काम बीएफडी या, जोडणी तुटल्याचं झटपट ओळखणाऱ्या यंत्रणेवर सोपवावं. बदल करण्याआधीची स्थिती लिहून ठेवणं आणि बदलानंतर ताडून पाहणं मात्र कुठेही चुकवू नये.

महिनाभर हे करताना मूल कंटाळलं, तर ते लवकर कळलं म्हणून बरंच वाटू द्या. रमलं, तर वाट सरळ आहे. डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी आयटी, ई अँड टीसी यांपैकी काहीही चालतं. सिस्कोची सीसीएनए ही प्रमाणपत्र परीक्षा १२० मिनिटांची असते, तिला पदवीची अट नाही आणि एका एरियातलं ओएसपीएफ तिच्या अभ्यासक्रमात आहे. प्रमाणपत्र ३ वर्षं टिकतं. पहिली नोकरी बहुधा नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, पाळीची असते. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरच्या पट्ट्यातही रात्रपाळी येतेच. मुलीच्या रात्रपाळीची काळजी वाटत असेल, तर ने-आण करणारी गाडी आहे का हे मुलाखतीत मोकळेपणानं विचारा. एआयमुळे राउटरची मांडणी लिहिणं सोपं होत चाललंय, म्हणून पायथॉन जरूर शिकावं. पण लिहिलेलं बरोबर चाललंय का, हे तपासणारा माणूस तरीही लागतो.

क्लास लावायचाच असेल, तर ‘नोकरीची हमी’ हे शब्द बाजूला ठेवा आणि प्रयोगशाळेत एक दिवस बसू द्या म्हणा. तिथे शिक्षक मुद्दाम एमटीयू बिघडवून ठेवतात आणि मुलांना दोष शोधायला लावतात का, ते पाहा. फळ्यावरचे आदेश नुसते उतरवून घेत असतील, तर ती फी वाचवून घरी चांगला लॅपटॉप आणा.