भुऱ्याला बॉलमध्ये पळवायचं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीच्या हट्टापायी गेल्या वर्षी घरात चिंचिला आला. नाव भुऱ्या. दिवसभर पिंजऱ्यात असतो म्हणून त्याच्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा मोठा एक्सरसाइज बॉल आणला आहे. लेकीच्या मैत्रिणीचा हॅमस्टर तसल्याच लहान बॉलमध्ये घरभर फिरतो. भुऱ्याला दोनदा आत ठेवलं तेव्हा तो जोरात पळाला, म्हणजे त्याला ते आवडलं असावं. दुकानात मात्र ‘जपून वापरा’ एवढंच सांगितलं. जपून म्हणजे नेमकं कसं? किती मिनिटं, आणि कोणत्या खोलीत?

उत्तर : किती मिनिटं, याचं माझं उत्तर शून्य मिनिटं असं आहे. ‘जपून’ वापरण्याची रीत सांगून मला तुमचं समाधान करता आलं असतं. पण चिंचिलाचं शरीर ज्या कामासाठी घडलं आहे त्याच्या नेमकं उलट काम हा बॉल त्याच्याकडून करवून घेतो.

चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. कोरडी हवा, खडकाळ उतार आणि रात्रीची कडक थंडी यांत त्याच्या अंगावर जी लोकर आली, तिच्याइतकी दाट लोकर जमिनीवरच्या फार थोड्या प्राण्यांना लाभली आहे. त्याच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून पन्नासाहून अधिक केस उगवतात. या लोकरीपायीच त्याची अफाट शिकार झाली. शेवटी १९१० साली चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या देशांना एकत्र येऊन शिकारबंदीचा करार करावा लागला. रानातला चिंचिला आजही नामशेष होण्याच्या धोक्यात आहे.

तीच लोकर घरात त्याच्या जिवावर उठते. चिंचिलाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः ते मोठे, पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेले कान आहेत, आणि कानांना वारा लागला तरच त्यांचा उपयोग. बॉलला हवेसाठी चार फटी असतात खऱ्या, पण आत पळणाऱ्या प्राण्याची ऊब आणि उच्छ्वासाची वाफ त्या फटींतून हव्या तेवढ्या वेगाने बाहेर जात नाही. भर वैशाखात दुलई पांघरून, काचा बंद केलेल्या गाडीत बसून धावण्याचा व्यायाम करावा, तशी ही अवस्था. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त गरगर फिरणारा बॉल दिसतो. आतल्याचे कान लाल झालेत, हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

चिंचिला पाळण्याचा सगळा इतिहासच त्याला गार ठेवण्याच्या धडपडीतून सुरू झाला आहे. मॅथायस चॅपमन नावाचा अमेरिकन खाण अभियंता चिलीत तांब्याच्या खाणीवर नोकरीला होता. त्याने ११ चिंचिला मिळवले आणि १९२३ साली कॅलिफोर्नियात आणले. डोंगरावरून एकदम खाली आणले तर ते तग धरणार नाहीत हे ओळखून त्याने त्यांना टप्प्याटप्प्याने, मुक्काम करत खाली उतरवलं आणि जहाजावर त्यांच्यासाठी बर्फाची सोय केली. आज अमेरिकेत घरोघर असलेले बहुतेक चिंचिला त्या अकरांचेच वंशज मानले जातात. त्यात तुमचा भुऱ्याही आला. शंभर वर्षांत त्यांचे रंग बदलले, माणसाची सवय झाली; उकाडा सोसायची ताकद मात्र आली नाही.

तुमच्याकडे अनुभवी पाळणारे एक सोपा हिशोब ठेवतात, तो तुम्हीही ठेवा. खोलीचं फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करायची. ती १५० च्या वर गेली की धोका. पारा ७० आणि आर्द्रता ५० असेल तर बेरीज १२०, चिंता नाही. पारा ८० आणि आर्द्रता ७५ झाली की १५५. तेव्हा नुसतं पिंजऱ्यात बसणंसुद्धा त्याला जड जातं. सेल्सिअसमध्ये म्हणाल तर २५ अंशांच्या पुढे त्याला जाऊच देऊ नये. न्यू जर्सीचा जुलै कसा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. भिंतीवरचा थर्मोमीटर मात्र बॉलच्या आतलं तापमान दाखवत नाही. म्हणूनच ‘दहा मिनिटं चालतील’ या सल्ल्यावर माझा भरवसा नाही.

दुसरा धोका पायांचा. चिंचिलाच्या मागच्या पायाची नडगी मांडीच्या हाडापेक्षा लांब असते, बारीक असते आणि तिच्यावर मांसाचं आवरण जेमतेम असतं. ती मोडण्याच्या तक्रारी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेहमीच्या. त्या बॉलच्या फटी बोटं आणि नखं अडकायला पुरेशा असतात. बोट अडकलं तरी बॉल गतीने पुढे जातच राहतो. जिना किंवा टेबलाचा पाय आडवा आला तर त्या धक्क्यापासून स्वतःला सावरायला आत धरण्याजोगं काही नाही. शिवाय चिंचिला दिवसभरात शेकड्यांनी लेंड्या टाकतो. बॉलमध्ये त्या त्याच्याबरोबरच गडगडतात आणि मूत लोकरीला लागतं.

आता तुमच्या मनातला खरा मुद्दा : तो पळाला, म्हणजे आवडलं. हा समज मनापासूनचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. चिंचिला हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. घुबड, कोल्हा यांच्यापासून पळणं आणि कपारीत शिरणं हेच त्याचं रक्षण. भेदरला की तो पळतो, आणि बॉलमध्ये पळाला की बॉल हलतो, बॉल हलला की पुन्हा पाय टाकावे लागतात. थांबायचं, लपायचं, मिशा टेकवून वाट चाचपायची, हुंगायचं, यांतलं काहीच त्याच्या हातात राहत नाही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या योहाना मायर यांनी २०१४ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मोकळ्या रानात फिरतं चाक ठेवून कॅमेरा लावला. रानातले उंदीर आपणहून येऊन त्यात पळत आणि निघून जात. बेडूक आणि गोगलगायीही त्यावर चढल्या. म्हणजे पळण्याची हौस प्राण्यांत खरोखर आहे. पण चाकातून वाटेल तेव्हा उतरता येतं. बॉलचं झाकण बाहेरून लावलेलं असतं.

मग भुऱ्याने व्यायाम करायचा कसा? त्याचा खरा व्यायाम उड्या मारण्याचा आहे. खडकावरून खडकावर झेपावणारा प्राणी आहे तो. पाच-सहा फुटांची उडी त्याला सहज जमते. त्यामुळे पिंजरा उंच घ्या आणि आत रंग-पॉलिश न केलेल्या पाइनच्या फळ्या एकाआड एक बसवा. एका फळीवरून घसरला तर फूटभर खाली दुसरी हवी, थेट तळ नको. फळी तो कुरतडणार, कुरतडू द्या; दातांना ते लागतंच. प्लास्टिकचे तुकडे मात्र पोटात गेले तर आतडं अडू शकतं, आणि बॉल घरात नको म्हणण्याचं तेही एक कारण आहे.

चाक द्यायचं असेल तर धातूचं, निदान १५ इंच व्यासाचं आणि पळायचा पृष्ठभाग सलग असलेलं घ्या. दांड्यांचं किंवा जाळीचं अजिबात नको, त्यात पाय अडकतो. लहान चाकात पाठीला बाक येतो. तिरप्या तबकडीसारखं चाक मिळतं, त्यावर पाठ सरळ राहते; मला ते अधिक पसंत आहे.

आणि रोज संध्याकाळी त्याला बाहेर काढा. तो दिवसा झोपणारा, अंधार पडताना जागा होणारा प्राणी आहे, तेव्हा लेकीचा अभ्यास उरकल्यावरची वेळ दोघांनाही सोयीची. बाथरूम किंवा लहान खोली निवडा. दार लावा, कमोडचं झाकण बंद करा, वायरी आणि कुंड्या हलवा, कुत्रं-मांजर असेल तर बाहेर ठेवा. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं, सवय झाली की तासभर. लेकीला जमिनीवर मांडी घालून बसू द्या. तो खांद्यावर चढेल, भिंतीवर पाय मारून उलट उडी घेईल. पाठलाग करून पकडायला जाऊ नका. घाबरला तर पकडीतल्या लोकरीचा झुपका सोडून तो निसटतो आणि तो पॅच भरून यायला काही महिने लागतात. परत नेण्यासाठी धूळस्नानाचं भांडं पिंजऱ्यात ठेवा, तो बहुधा आपल्या पायांनी आत जातो. ही धूळ दुकानात चिंचिलासाठी म्हणून मिळते तीच घ्या. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटं पुरते. पाण्याने अंघोळ कधीही नको, एवढी दाट लोकर आतून वाळतच नाही.

दोनदा तो बॉलमध्ये गेलाच आहे, तर आज त्याच्या चारही पायांची बोटं आणि नखं नीट पाहून घ्या. लंगडत असेल किंवा एखादा पाय उचलून धरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पुढे कधीही कान लालबुंद दिसले, तो कुशीवर पसरला, धापा टाकू लागला किंवा तोंडातून लाळ आली, तर उष्माघात समजा. लगेच गार खोलीत न्या, संगमरवरी किंवा ग्रॅनाइटच्या लादीवर ठेवा, कानांना आणि तळपायांना गार पाण्याचं ओलं फडकं लावा. बर्फाचं पाणी ओतू नका. हे करत असतानाच डॉक्टरांना फोन करा आणि थोडा बरा वाटला तरी नेऊन दाखवाच. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर चिंचिलाला तपासत नाहीत. तुमच्या जवळपास कोण तपासतं आणि रात्री कोण उघडं असतं, याची चौकशी या आठवड्यातच करून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.