मुलांसह डोंगरवाटेवर: अंतराचे गणित आणि गोचिडाची ओळख

मे महिना लागला की आपल्या न्यू जर्सीतल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: या शनिवारी मुलांना घेऊन कुठे जायचे? मॉल आणि सिनेमा यांत पैसे जातात आणि मुले बसूनच राहतात. त्यापेक्षा जंगलातली पायवाट केव्हाही चांगली. गेली काही वर्षे मी मंडळातल्या लहान मुलांच्या कुटुंबांबरोबर अशा सहली करीत आलो आहे. पालकांचे प्रश्न बहुतेक दोनच असतात: मूल किती चालेल, आणि ‘टिक’ चावला तर काय करायचे? या लेखात दोन्हींचा क्रमाने विचार करू.

अंतराचे गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब सांगितला. तो आजही वापरतात. दर ३ मैलांना १ तास, आणि दर २,००० फूट चढाला आणखी १ तास. हा हिशेब धडधाकट मोठ्या माणसाचा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी येणारे उत्तर सरळ दुप्पट करतो.

उदाहरण घेऊ. वाट जाऊन-येऊन २ मैल आणि चढ ५०० फूट. अंतराची ४० मिनिटे, चढाची १५, मिळून ५५ मिनिटे. मुलांसाठी दुप्पट, म्हणजे सुमारे २ तास. खाणे, दगड गोळा करणे आणि ओढ्यात पाय बुडवणे यांचा आणखी एक तास धरा. सकाळी ९ ला निघालात तर दुपारी १२ ला गाडीपाशी. निघतानाच ‘परत फिरण्याची वेळ’ ठरवा आणि ती झाली की, शिखर समोर दिसत असले तरी, परत फिरा. नोव्हेंबरात घड्याळे मागे गेल्यावर सूर्य पाचच्या आत मावळतो, हेही ध्यानात असू द्या.

पहिल्या सहलीसाठी साउथ माउंटन रिझर्व्हेशनमधला हेमलॉक फॉल्स हा छोटा धबधबा किंवा वॉचंग रिझर्व्हेशनमधल्या सोप्या वाटा पुरेशा आहेत. हाय पॉइंट, म्हणजे राज्यातली सर्वांत उंच जागा (१,८०३ फूट), मुलांना नकाशावर दाखवून मग न्यावी. डेलावेअर वॉटर गॅपजवळचा माउंट टॅमनी मात्र उभ्या चढाचा आणि खडकाळ आहे. तो मुले मोठी होईपर्यंत राखून ठेवा.

झाडांवर रंगाचे आयताकृती पट्टे असतात. एकावर एक दोन पट्टे दिसले तर पुढे वळण आहे, आणि त्रिकोणात तीन असतील तर ते वाटेचे टोक. पुढचा पट्टा शोधण्याचे काम मुलांवर सोपवा. ‘अजून किती राहिलं?’ हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, पराठे, केळी आणि भरपूर पाणी घ्यावे. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा चिक्की देऊ नये, घशात अडकण्याची भीती असते.

गोचिडाची ओळख

‘टिक’ म्हणजे आपला गोचीडच. गावाकडे तो गाईच्या कानात वाटाण्याएवढा फुगलेला पाहिला असेल. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली आढळलेला माकडतापही गोचिडामुळेच पसरतो. आपल्या भागातल्या काळ्या पायांच्या गोचिडाचे पिल्लू मात्र खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि मे ते जुलै या काळात त्याचा उपद्रव जास्त. चावल्याचे कळतही नाही. मोठे गोचीड पानगळीच्या दिवसांतही चावतात.

यातून होणारा लाइम रोग कनेटिकटमधल्या लाइम या गावाच्या नावाने ओळखला जातो. १९७५ च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे सांधे एकाएकी सुजू लागले आणि आयांनी पाठपुरावा केल्यामुळे तपास सुरू झाला. पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडात या रोगाचा जंतू शोधला, त्याला त्यांचेच नाव मिळाले.

दिलासा देणारी गोष्ट ही, की रोग लागण्यास गोचीड साधारणपणे २४ तासांहून अधिक काळ चिकटून राहावा लागतो. म्हणजे त्याच संध्याकाळी केलेली तपासणी हेच मोठे औषध.

१. निघताना: पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली. वाटेच्या मधोमध चालावे, गवतात शिरू नये. आधी सनस्क्रीन, मग ‘डीट’चा फवारा. मुलांसाठी डीटचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंतच असावे, आणि दोन महिन्यांखालील बाळाला ते लावूच नये. पर्मेथ्रिन फक्त कपड्यांवर, अंगावर नाही.

२. घरी आल्यावर: दोन तासांच्या आत आंघोळ. कोरडे कपडे ड्रायरमध्ये पूर्ण उष्णतेवर १० मिनिटे फिरवावेत. मग कानामागे, काखेत, बेंबीत, कमरेपाशी, जांघेत, गुडघ्यामागे आणि केसांत नीट पाहावे. मुलींच्या वेण्या सोडून बारीक कंगवा फिरवावा.

३. चिकटलेला दिसल्यास: बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर, सावकाश ओढावा. पिरगळू नये. तेल, व्हॅसलीन, काडीचा चटका हे उपाय करू नयेत. जागा साबणाने धुवावी आणि तारीख कॅलेंडरवर लिहावी. गोचीड फुगलेला असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा. काही वेळा प्रतिबंधक औषधाचा एकच डोस देतात, पण तो ७२ तासांच्या आत द्यावा लागतो.

यानंतर ३ ते ३० दिवस लक्ष ठेवायचे. हळूहळू पसरणारा चट्टा, ताप, अंगदुखी किंवा तोंड एका बाजूला वाकडे होणे, यांपैकी काहीही दिसले तरी डॉक्टर गाठावा. इथे आपल्यासाठी एक खास सूचना. पुस्तकातल्या चित्रांत गोऱ्या कातडीवर लालभडक वर्तुळ दाखवतात. सावळ्या कातडीवर तोच चट्टा तपकिरी किंवा जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो. आमच्या ओळखीच्या एका घरी सात वर्षांच्या मुलाच्या मांडीवरचा असा चट्टा उन्हाळ्यात ‘पडला असेल’ म्हणून तपासणीतही सुटला. ऑक्टोबरात त्याचा गुडघा नारळासारखा सुजला. २८ दिवस अँटिबायोटिक घेतल्यावर मुलगा बरा झाला, पण त्या घराने काढलेले ते दोन महिने मी जवळून पाहिले आहेत. म्हणून ‘आम्ही हायकिंगला गेलो होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आपणहून सांगा. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे ही माहिती फार मोलाची ठरते.

खर्चाचे दोन शब्द

चांगले बूट, चिमटा, फवारा आणि पाण्याच्या बाटल्या एवढेच खरे सामान. बाळाला पाठीवर घेण्याची बॅग दोन-तीन वर्षांतच अपुरी पडते, ती मंडळातल्याच एखाद्या कुटुंबाकडून जुनी घ्यावी. भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांची प्रवासविमा पॉलिसी आधी वाचून पाहा. ‘फिक्स्ड बेनिफिट’ पॉलिसी प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कमच देते, उरलेले बिल आपल्या गळ्यात पडते. पाय मुरगळल्यावर इमर्जन्सी रूममध्ये बसून हे कळण्यापेक्षा पॉलिसी घेतानाच विचारलेले बरे.

गोचिडाच्या भीतीने मुलांना घरात कोंडण्याचे कारण नाही. चिमटा गाडीत आणि संध्याकाळची तपासणी नेमाने, एवढे पाळले तर वाट आपलीच आहे.