मर्यादवेल

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या नकाशावर उत्तरेकडील विजयदुर्गापासून दक्षिणेकडे बोट फिरवीत आले, म्हणजे देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शिरोडे ही गावे ओलांडून ते अखेरीस रेडी या गावावर येऊन थांबते. रेडीच्या पलीकडे तेरेखोलचा किल्ला आणि गोव्याची हद्द. रेडीची आजची ओळख म्हणजे खाडीच्या काठचा यशवंतगड, माऊलीचे देऊळ आणि डोंगरातील लोहखनिज. परंतु या गावाचे एक फार जुने नाव इतिहासाचे अभ्यासक सांगतात. बदामीच्या चालुक्य घराण्यातील मंगलेश राजाने रेवतीद्वीप जिंकले, असा उल्लेख ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात आहे. ते रेवतीद्वीप म्हणजेच आजचे रेडी होय, असे मानले जाते.

रेडी हे चोहोंकडून पाण्याने वेढलेले बेट नाही, हे नकाशावरून सहज दिसते. मग त्याला द्वीप कसे म्हणता येईल? याचे उत्तर त्या शब्दातच आहे. ज्या भूमीच्या दोन बाजूंना पाणी आहे ती द्वीप, अशी या संस्कृत शब्दाची व्युत्पत्ती आहे. एका बाजूस सागर आणि दुसऱ्या बाजूस खाडी किंवा नदी, अशा दोन पाण्यांच्या शेजारात राहणारी भूमी या किनाऱ्यावर ठिकठिकाणी आढळते. तिचे सर्वांत स्पष्ट रूप पाहावयाचे असेल, तर रेडीहून किनाऱ्याने उत्तरेकडे मालवण तालुक्यात जावे.

तेथे कर्ली नदी समुद्राच्या अगदी जवळ येते. परंतु लगेच त्याला मिळत नाही. काही अंतर ती किनाऱ्याला समांतर वाहते आणि मग सागराला भेटते. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी, लांबट पट्टी तयार झाली आहे. तिच्यावर देवबाग हे गाव वसले आहे. गावाच्या पूर्वेस नदीचे संथ पाणी, पश्चिमेस अरबी समुद्राच्या लाटा आणि मध्ये माड, घरे, विहिरी व माणसे! भूगोलात अशा पट्टीस वाळूचा दांडा म्हणतात. जगात काही ठिकाणी असे दांडे मुख्य भूमीपासून पूर्णपणे सुटून त्यांची लांबच लांब बेटे झाली आहेत. दाराला अडसर असावा, तशी ही बेटे किनाऱ्यासमोर उभी असतात आणि समुद्राचा मारा स्वतःच्या अंगावर घेतात.

वाळूच्या भूमीचा एक स्वभाव आहे. ती कधी स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उंच लाटा किनाऱ्यावरील वाळू खरवडून नेतात. ज्येष्ठ-आषाढात किनारा अरुंद व उभा झालेला दिसतो तो यामुळेच. परंतु ही वाळू नाहीशी होत नाही. तिचा बराच भाग किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली साचतो आणि तेथे तिचा उंचवटा बनतो. मोठ्या लाटा या उंचवट्यावर येऊन फुटतात, त्यामुळे त्यांचा जोर किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच कमी होतो. पुढे पावसाळा सरतो, समुद्र निवळतो, आणि मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. काटकसरी गृहस्थ अडीअडचणीच्या वेळी शिलकीतून खर्च करतो व सुगी येताच ती शिल्लक पुन्हा भरून काढतो. किनाऱ्याचा व्यवहारही असाच आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्या ही त्याची शिल्लक होय.

ही शिल्लक सांभाळणारा कोठीदार म्हणजे एक साधी वेल. तिचे नाव मर्यादवेल. भरतीचे पाणी जेथवर येते, त्याच्या वरच्या अंगाला कोरड्या वाळूवर ती पसरलेली दिसते. तिची पाने आपट्याच्या पानांसारखी दुभंगलेली असतात. फुले जांभळट गुलाबी रंगाची, नरसाळ्याच्या आकाराची. तिचे लांब धुमारे वाळूवर सरपटत जातात आणि पेरापेराशी मुळे सोडतात. वाऱ्याबरोबर उडत आलेली वाळू तिच्या पानांशी अडते आणि तेथेच थांबते. वाळूचा थर चढला, तर वेल पुन्हा वर डोके काढते. असे वर्षानुवर्षे चालले, म्हणजे वाळूची टेकडी उभी राहते. ऊन, खारे वारे आणि क्षारयुक्त वाळू या तिन्ही गोष्टी या वेलीला सोसतात. पुढे तिच्या आडोशाने केवडा, उंडी यांसारखी झाडे जीव धरतात. सागराची मर्यादा दाखविणारी ती मर्यादवेल! नाव ठेवणाऱ्या पूर्वजांनी तिच्याकडे किती बारकाईने पाहिले असेल, याची कल्पना या एका शब्दावरून येते.

वाळूच्या टेकड्यांचा दुसरा उपकार जमिनीखाली असतो व म्हणून तो सहसा ध्यानात येत नाही. सभोवार खारे पाणी असताना वाळूच्या पट्टीवरील विहिरीला गोडे पाणी लागते. हे कसे? पावसाचे पाणी वाळूत झिरपते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. जितकी वाळू उंच व विस्तीर्ण, तितका हा गोड्या पाण्याचा साठा मोठा. टेकडी खणून नेली किंवा साठ्यातून बेसुमार उपसा केला, तर खारे पाणी वर चढते आणि गोडी विहीर खारट होते.

या वाळूवर केवळ माणसाचाच हक्क आहे असे नाही. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करतात, सुमारे शंभर ते सव्वाशे अंडी घालतात आणि खड्डा बुजवून समुद्रात परत जातात. अंड्यांना ऊब देण्याचे काम वाळू करते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर येतात आणि पाण्यावरील उजेडाच्या दिशेने धाव घेतात. किनाऱ्यावर प्रखर दिवे असले, तर ती बिचारी भलत्याच दिशेने जातात व प्राणास मुकतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी २००२ सालापासून ग्रामस्थांच्या साहाय्याने या अंड्यांचे रक्षण केले जाऊ लागले. वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणीच्या किनाऱ्यावरही असे काम झाले आहे.

आता माणसांचा विचार करू. मालवणच्या किनाऱ्यावर रापण नावाची मासेमारीची जुनी पद्धत आहे. होडीतून समुद्रात लांबच लांब जाळे अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे ओढून घेतात. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्याला पुष्कळ हात लागतात, आणि मिळालेल्या मासळीची सर्वांत वाटणी होते. या रापणीला मोकळी व रुंद पुळण हवी. पुळण गेली की जाळे ओढावयास जागा उरत नाही, आणि मग अनेक घरांच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो. किनारा राखणे म्हणजे केवळ शोभा राखणे नव्हे, हे यावरून कळून येईल.

अशा या भूमीला माणसाकडूनच धोका पोहोचतो. कोणी बांधकामासाठी वाळू नेतो. कोणी टेकडी सपाट करून तीवर इमारत उभी करतो. कोणी वेलीवरून गाडी हाकतो. यामुळे शिल्लक संपते आणि पुढच्या वादळात समुद्र थेट अंगणात येतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा खवळलेल्या समुद्राचे सामर्थ्य सिंधुदुर्गाने पाहिले. देवबागसारख्या गावी घर वाचविण्यासाठी दगडांचा बंधारा घालावा, अशी मागणी होते. ज्याच्या उंबरठ्याशी लाट आली आहे, त्याची ती मागणी स्वाभाविक आहे. परंतु बंधाऱ्यालाही आपल्या मर्यादा आहेत. लाट दगडावर आपटून मागे फिरते, ती पायथ्याची वाळू घेऊनच. जेथे बंधारा संपतो, तेथे धूप अधिक होते. सुरूची दाट लागवड केली, तर वारा अडतो खरा. परंतु सुरूच्या गळलेल्या काड्यांखाली मर्यादवेल वाढत नाही. तेव्हा निसर्गाने उभारलेला बांध आधीच जपावा, हाच उत्तम उपाय.

हे ओळखून आपल्या देशात काही नियम करण्यात आले. १९९१ साली किनारपट्टीच्या रक्षणासाठी भारत सरकारने अधिसूचना काढली. तिच्यानुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर निर्बंध आले. २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना निघाल्या. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी हा पट्टा ५० मीटरचा करण्यात आला. तथापि वाळूच्या टेकड्या, खारफुटी व कासवांच्या विणीच्या जागा यांना संवेदनशील क्षेत्र म्हणून विशेष संरक्षण आहे.

मालवण येथे याहीपूर्वी, १९८७ साली, सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या भोवतालचा समुद्र हा त्याचा गाभा आहे. तेथे पाण्याखाली प्रवाळ आढळतात. या अभयारण्याला अनेक मच्छीमारांनी विरोध केला. आपली पिढीजात मासेमारी बंद होईल, ही त्यांची धास्ती होती, आणि तिचा विचार करणे अवश्य आहे. जो समुद्रावर जगतो, त्याच्या संमतीशिवाय समुद्राचे रक्षण होणे कठीण. वेळासला ग्रामस्थ पुढे आले म्हणूनच तेथील काम रुजले, हे विसरता कामा नये.

दूरदेशीचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हॅटेरस नावाचे वाळूचे लांबट बेट आहे. त्यावर १८७० साली सुमारे ६० मीटर उंचीचे दीपगृह बांधले, तेव्हा समुद्र साडेचारशे मीटर दूर होता. पुढील शंभर वर्षांत तो जवळजवळ पायथ्याशी आला. बांध घातले, वाळूची पोती रचली, परंतु समुद्र मागे हटेना. अखेर १९९९ साली ते अवाढव्य दीपगृह जमिनीपासून अलग करून, रुळांवरून सरकवीत सुमारे ८८० मीटर आत नेण्यात आले. तेथील किनाऱ्याचा मोठा भाग १९५३ सालापासून राष्ट्रीय ठेवा म्हणून मोकळा राखलेला आहे. म्हणूनच वाळूला सरकण्यास आणि माणसाला मागे येण्यास जागा उरली.

प्रत्येक गावाला असे मागे सरता येत नाही. देवबागच्या मागे नदी आहे. म्हणून तेथे तर मर्यादवेलीचे मोल अधिकच. ही वेल समुद्राला मर्यादा दाखविते, असे आपण म्हणतो. विचार केला, तर ती माणसालाही मर्यादा दाखविते. भरतीच्या पाण्याने तिच्या पलीकडे येऊ नये. आणि माणसाच्या कुदळीने, गाडीने व भिंतीने तिच्या अलीकडून पुढे जाऊ नये. दोन पाण्यांमधली भूमी टिकते ती या दोन मर्यादा पाळल्या जातात तोवरच.

स्वाध्याय

१. द्वीप या शब्दाची व्युत्पत्ती सांगा. ती देवबागला कशी लागू पडते?

२. ‘वाळूच्या टेकड्या ही किनाऱ्याची शिल्लक होय’ हे विधान स्पष्ट करा.

३. कारणे द्या : (अ) वाळूच्या पट्टीवरील विहिरीला गोडे पाणी लागते. (आ) रापणीसाठी रुंद पुळण आवश्यक असते. (इ) मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला.

४. पुढील वाक्प्रचार आपल्या वाक्यांत योजा : जीव धरणे, प्राणास मुकणे, ध्यानात येणे.

५. समासाचा विग्रह करा : समुद्रकिनारा, अर्धवर्तुळ, ज्येष्ठ-आषाढ.

६. तुमच्या गावातील नदी, ओढा, डोंगर किंवा किनारा यांपैकी एकाची ‘मर्यादा’ कोणती, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.