पात्म बेट : पाहणारे आणि ऐकणारे

वाचन : प्रकटीकरण १:१-११, २:१-७, ७:९-१०

एजियन समुद्रातील पात्म हे लहानसे ग्रीक बेट. क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे ३,०००. विमानतळ नाही, म्हणून आजही तेथे समुद्रमार्गेच जावे लागते. आपल्या मंडळ्यांतील काही जण निवृत्तीच्या पैशांतून सात मंडळ्यांची ठिकाणे व हे बेट पाहून येतात. परतल्यावर ते आम्हांला विचारतात, "गर्दीमुळे दोन मिनिटे डोळे मिटता आले नाहीत. मग जाऊन मिळाले काय?" प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचा विचार करू.

१. योहानाचे बेट

योहान तेथे सहलीला गेला नव्हता. देवाचे वचन व येशूविषयीची साक्ष यांमुळे तो तेथे होता (१:९). प्राचीन परंपरेनुसार हा काळ सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरचा, म्हणजे इ. स. ९६ च्या सुमाराचा. त्याला खाणीत राबवले, असे आपण प्रवचनांतून ऐकतो. पण शास्त्रात तसे नाही. तेथे तो स्वतःला आपला बंधू व क्लेशातील भागीदार म्हणवतो.

२. आजचे बेट

इ. स. १०८८ मध्ये सम्राट अलेक्सियस कोम्नेनोस याने हे बेट ख्रिस्तोदुलोस या मठवाशाला दिले व त्याने तेथे मठ उभारला. खाली स्काला बंदर, वर खोरा गाव, आणि वाटेत ती गुहा, जिथे योहानाला दर्शन झाले असे परंपरा सांगते. १९९९ साली युनेस्कोने खोरा, मठ व गुहा ही ठिकाणे जागतिक वारशात घेतली. सांतोरिनी व मिकोनोस येथे गर्दी इतकी वाढली की जुलै २०२५ पासून क्रूझ जहाजातून उतरणाऱ्यास ऐन मोसमात २० युरो शुल्क पडते. पात्मवर तेवढी गर्दी नाही. पण गुहा लहान, आणि मोठे जहाज लागले की माणसे एकदम येतात.

३. आधी ऐकणे

प्रवासी समोर पाहतो. योहानाला मात्र वाणी मागून आली, आणि ती ऐकून तो वळला (१:१०-१२). जे दिसले ते स्वतःपाशी ठेवायचे नव्हते. लिहून सात मंडळ्यांस पाठवायचे होते. बेट कसे दिसते याविषयी तो अवाक्षर लिहीत नाही. आशीर्वादही त्या जागी पोहोचणाऱ्याला नाही. वचन वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्याला व पाळणाऱ्याला आहे (१:३). म्हणून ज्यांना तिकीट परवडत नाही, त्यांचे काही उणे झालेले नाही.

जे जाऊन आले, त्यांचेही व्यर्थ गेले असे आम्ही म्हणणार नाही. योहानाने सर्व राष्ट्रांचा व भाषांचा अगणित समुदाय पाहिला (७:९). गुहेतील रांग म्हणजे तो समुदाय नव्हे, हे खरे. पण त्या रांगेतील परक्या माणसाचा आपल्याला वीट आला असेल, तर इफिसच्या मंडळीला विचारलेला प्रश्न आपल्यालाही आहे : पहिली प्रीती कोठे गेली? (२:४). तो प्रश्न घेऊन कोणी परतला असेल, तर त्याचा खर्च वाया गेला नाही.

शब्बाथशाळेसाठी प्रश्न

(१) योहान आधी काय करतो : पाहतो की ऐकतो?
(२) त्याने ऐकलेले कोणाला पाठवायचे होते?
(३) आपल्या मंडळीत येणाऱ्या परक्याला आपण जागा करून देतो काय? या आठवड्यात एकाला नावाने विचारा व घरी बोलवा.