फोन लागत नाही तेव्हा



उसाच्या फडाला आग लागली की शिवारात काय होते? वीसजण एकदमच मोबाईल काढतात आणि गट ऑफिसला, मुकादमाला, भावकीला फोन लावतात. लागत नाही. मग बोट दाबतच राहते. जळीत ऊस लवकर गाळपाला आला नाही तर साखर घटते, कपात बसते, म्हणून जीव कासावीस होतो हे खरे. पण या दाबादाबीनेच फोन आणखी लागेनासा होतो. तो कसा, ते पाहू.

नंबर दाबला की लगेच बोलण्याची वाट मिळत नाही. आधी आपला फोन टॉवरला हाक मारतो, ‘मला जागा द्या.’ हाकेची ही वाट सर्वांची एकच. तीत वेळेचे बारीक तुकडे असतात. एका तुकड्यात एक हाक आली तर टॉवरला कळते. दोन आल्या तर बहुधा दोन्ही वाया. टू-जीचा ढोबळ हिशेब असा: दर तुकड्याला सरासरी एक हाक येत असेल तर १०० पैकी सुमारे ३७ तुकडे कामी येतात. हाका तिप्पट झाल्या की फक्त १५! फोर-जीत हाकेचे ६४ पर्यंत नमुने असतात, तरी दोघांनी एकाच वेळी एकच नमुना उचलला की टक्कर होतेच.

आपल्या वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली असता प्रत्येकजण दर दोन मिनिटांनी खिडकीशी जाऊन ‘माझा नंबर कधी?’ विचारू लागला, तर कारकून उत्तरे देणार की वजने करणार? टॉवरचेही तसेच. जागा नाही हे सांगायलासुद्धा त्याला काम पडते. डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९१७ साली टेलिफोनच्या गर्दीचे गणित मांडले. त्यात जागा न मिळालेला माणूस निघून जातो असे धरले होते. आपण कुठले निघून जातो!

हाक वाया गेली तर फोन स्वतःच क्षणभर थांबून पुन्हा हाक मारतो. प्रत्येकाचे थांबणे कमी-जास्त असते, म्हणून वाट मोकळी होते. आपणही मिनिट-दोन मिनिटे दम धरावा. फडावर एकानेच फोन लावावा, बाकीच्यांनी पाचट ओढून आग तोडायला लागावे. निरोप एसएमएसने द्यावा. त्याला बोलण्याची जागा अडवावी लागत नाही, आणि पलीकडचा फोन बंद असला तरी तो केंद्रात थांबून मागाहून पोचतो. जिवावरचा प्रसंग असेल तर मात्र ११२ लावा. आपल्या कंपनीचा टॉवर मिळाला नाही तरी हा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो.