सापडलं का, ताई?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला येणारे लोक मला ओळखतात ते गवतात पालथी पडलेली बाई म्हणून. सुरुवातीला कुणाला वाटायचं चक्कर आली, कुणाला वाटायचं मंगळसूत्र हरवलं. एक काठीवाले काका तर रोज न चुकता विचारायचे, "सापडलं का, ताई?" मी कोपरावर रेलून सांगायची, "नाकतोडा आहे, काका." ते मान हलवून पुढे जायचे, आणि ती मान काय म्हणते ते मला कळायचं.

किड्यांचे फोटो काढायला लागून नऊ वर्षं झाली. नोकरी विम्याची, शिक्षण कॉमर्सचं, म्हणजे या विषयातलं काहीही नाही. जे शिकले ते कपडे मळवून.

१. लगेच मॅक्रो लेन्स घेऊ नका.

माझं पहिलं दीड वर्ष रिव्हर्स रिंगवर गेलं. काहीशे रुपयांची धातूची चकती. तिच्यावर कॅमेऱ्यासोबत आलेली साधी १८-५५ची लेन्स उलटी बसवायची, पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि मागची बाजू किड्याकडे. ऑटोफोकस गेला, व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार, आणि किड्यापासून अंतर जेमतेम चार बोटं. त्यात एक सवय लागली: फोकस हाताने फिरवायचा नाही, आपणच अंगाने तसूभर पुढे-मागे झुलायचं आणि डोळा स्वच्छ दिसला की बटण दाबायचं. पुढे १०० मिलिमीटरची खरी मॅक्रो लेन्स घेतली, तरी झुलणं काही सुटलं नाही.

२. एका मिलिमीटरचा हिशेब शिका.

मॅक्रो म्हणजे साधारणपणे एकास एक: सहा मिलिमीटरची मुंगी सेन्सरवरही सहा मिलिमीटर. इतक्या जवळून लेन्सचं भोक एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी स्पष्ट दिसणारा भाग असतो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. मुंगीचा डोळा धरला की मिशा गेल्या. मग मी शहाणपणा करून ते आणखी बारीक, एफ २२ केलं. सगळंच दिसू लागलं आणि सगळंच पिठूळ. भोक फार बारीक झालं की त्याच्या कडांशी प्रकाश पसरतो आणि बारकावे पुसले जातात. तेव्हा एफ ११च्या आसपास राहायचं, आणि किडा त्या एका मिलिमीटरात मावेल असा कोन शोधायचा. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू बाजूने, लेन्सला अगदी समांतर धरलं तर अख्खं मावतं. समोरून धरलं तर नुसती सोंड.

३. त्यांच्या झोपेची वेळ पाठ करा.

यावर मी सगळ्यात जास्त वेळ बोलू शकते, कारण यात सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिलं वर्षभर मी रविवारी दहा वाजता, पोहे खाऊन टेकडीवर जायची आणि उन्हात फुलपाखरांच्या मागे पळायची. फोटो कसले येणार? किड्यांचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं. उन्हात ते आपल्यापेक्षा चपळ. पण थंडीतल्या पहाटे साडेसहाला एखादा चतुर गवताच्या काडीवर दवाने भिजून बसलेला असतो. पंखांवरच्या प्रत्येक थेंबात मागचं आभाळ उलटं दिसतं. तुम्ही श्वास रोखून दोन बोटांवर गेलात तरी तो हलत नाही, कारण हलण्याइतकं त्याचं अंग तापलेलंच नसतं. ऊन आलं की आधी पंख थरथरतात. तो थरथराट दिसला की दोन-चार फोटो काढून उठायचं.

आणि निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या! पोळं वगैरे काही नाही, या एकट्या राहणाऱ्या. माद्या जमिनीत, मातीत बीळ करून राहतात. नरांना घर नाही. ते संध्याकाळी एखादी वाळकी काडी निवडतात, जबड्याने ती घट्ट चावून धरतात, पाय पोटाशी घेतात आणि तसेच आडवे लटकून झोपतात. एकाखाली एक, ओळीने, दोरीवरच्या कपड्यांसारखे. काडी जागेवर असेल तर दुसऱ्या दिवशीही बहुधा तिथेच. हे मला कळलं तेव्हा मी पोहे परत आल्यावर खायला लागले.

४. फ्लॅशवर काहीतरी झाका.

उघडा फ्लॅश ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग पाडतो. माझा डिफ्यूझर चिप्सचा लांबट डबा, थर्माकोलचा तुकडा आणि बटर पेपर यांचा आहे आणि तो बघून हसू येतं. फ्लॅश अगदी कमी ताकदीवर ठेवला की त्याची लकाकी सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकते, म्हणून वाऱ्याने काडी डुलत असली तरी फोटो हलत नाही.

५. न उडणाऱ्या फुलपाखरावर खूश होऊ नका.

घाणेरीच्या फुलांवर एक हळदीकुंकू बसलं होतं. या फुलपाखराचं नावच तसं, पंखाखाली पिवळा आणि कुंकवाचा रंग. एरवी ते झाडाच्या शेंड्याला असतं. हे मात्र हाताशी होतं आणि जागचं हलेना. मी चाळीस फोटो काढले. घरी मोठं करून पाहिलं तर मानेखाली फुलाच्याच रंगाचे दोन पाय. खेकडा कोळी. हा जाळं विणत नाही, फुलात दबा धरून बसतो, मानेजवळ डसतो आणि आतला रस शोषून घेतो. वरचं कवच शाबूत राहतं, त्यामुळे फुलपाखरू जिवंतच वाटतं. चाळीस फोटो मी प्रेताचे काढले होते, आणि खुन्याकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं. आता फूल दिसलं की आधी पाकळीखाली वाकून बघते.

६. प्रार्थनाकीटक तुमच्याकडे बघत नाही.

त्याच्या हिरव्या डोळ्यातला काळा ठिपका तुम्ही जाल तिकडे फिरतो. पहिल्यांदा मी अक्षरशः दचकले होते. पण ती बाहुली नव्हे. त्याचा डोळा असंख्य बारीक डोळ्यांचा. त्यातले जे नेमके तुमच्या दिशेला रोखलेले असतात, ते तिकडून येणारा प्रकाश गिळतात म्हणून काळे दिसतात. तुम्ही सरकलात की दुसरे काळे होतात. मान मात्र तो खरंच वळवतो, तेव्हा थोडंफार दचकायला हरकत नाही.

७. फ्रिज भाजीसाठी असतो.

किडा डबीत घालून गार करायचा, मग तो सुस्त झाला की मनासारखा मांडायचा, असं करणारे लोक मला भेटलेत. एकांनी तर ते कौतुकाने सांगितलं. तेव्हापासून प्रदर्शनात गोगलगायीच्या पाठीवर नाकतोडा, त्याच्या पाठीवर मुंगी असला फोटो दिसला की मी पुढच्या चौकटीकडे वळते.

८. टेकडी नसेल तर कढीपत्ता लावा.

गॅलरीतल्या कुंडीत पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका. ती बहुधा लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. चौथी कात टाकली की हिरवीगार होते. गवताच्या काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून तांबूस, दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की आपणच मागे सरतो. (डिवचणं एकदाच. सातवा मुद्दा मीच लिहिलाय.) फोडणीच्या कढीपत्त्यावरून घरात जे काही होईल त्याला मी जबाबदार नाही.

९. आडवं होण्याआधी जागा बघा.

कोकणातल्या सड्यावर दगडाआड फुरसं असू शकतं. आंबोलीत पावसाळ्यात जळवा मोज्यातून वर चढतात. माझ्या माहेरी रत्नागिरीकडे आंब्यावर तांबड्या मुंग्यांची, म्हणजे ओंबिलांची, पानं शिवून केलेली घरटी असतात. शिवायला धागा त्यांच्याच अळ्यांचा रेशमी. तिथे चावे खात मी एका मुंगीचे फोटो काढले आणि रात्री पाय मोजले तर आठ. ओंबिलाचं सोंग घेतलेला कोळी होता तो, पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवत. तेवढ्यासाठी चावे माफ.

१०. विचारणाऱ्याला दाखवा.

काठीवाल्या काकांना एके दिवशी मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर निळ्या पट्ट्यांचे ते नर मोठे करून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचायचं भिंग खिशात घालून आले. गेल्या ऑक्टोबरात मला पोचायला उशीर झाला, तर ते आधीच काडीपाशी वाकून उभे. म्हणाले, "ताई, आज पाचच आहेत. काल सहा होते." मी पालथी पडून बघितलं. सहावा शेजारच्या काडीवर होता, थोडा खाली, एकटाच. "सापडला," मी म्हटलं. काकांनी काठी टेकली आणि भिंग डोळ्याला लावून माझ्या बाजूला खाली बसायला लागले.